काडीपैलवानाच्या रक्तातली चरबी आणि रखडलेली टर्म पॉलिसी

उंची १७२ सेंटिमीटर, वजन ६७ किलो, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २२.६. शाळेपासून मला काडीपैलवान म्हणतात, आणि तालमींच्या कोल्हापुरात असं नाव एकदा चिकटलं की सुटत नाही. अशा माणसाला विमा कंपनी कळवते की तुमच्या रक्तात चरबी जास्त आहे, सहा महिन्यांनी या. घरचे आधी हसले, मग घाबरले. अर्ज भरल्यापासून पॉलिसी हातात पडेपर्यंत नऊ-दहा महिने गेले. त्यातले कागद, चाचण्या आणि खर्च इथे मांडतोय. त्यासोबत रक्तातली चरबी आणि अंगावरची चरबी यांचं नातं मला जेवढं समजलं तेवढंही.

मी एका एमआयडीसीतल्या कारखान्यात अकाउंट्स बघतो. वय तेव्हा ४१. एक कोटीचं टर्म कव्हर (मुदतीत मी गेलो तरच घरच्यांना पैसे), ६५ वर्षांपर्यंत, असा ऑनलाइन अर्ज ९ जानेवारी २०२५ ला भरला. हप्ता २२,२०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे वर्षाला २६,१९६ रुपये. मेडिकल घरी येऊन करणार होते. १८ जानेवारी, शनिवार, सकाळी साडेसातची वेळ ठरली आणि तंत्रज्ञ उगवला दहाच्या सुमारास. बारा तास उपाशी राहायला सांगितलं होतं, प्रत्यक्षात चौदा झाले. पाणी चालतं, चहा चालत नाही, अगदी बिनसाखरेचाही नाही. रक्त, लघवी, बीपी, सुटकेसमधून आणलेल्या यंत्रावर ईसीजी, उंची-वजन, आणि टेपनं पोट. पोटाचा आकडा त्यानं ९३ लिहिला. टेप सैल धरलाय की काय, असं मला वाटलं. (नव्हता.)

३१ जानेवारीला ई-मेल आला. प्रस्ताव सहा महिन्यांसाठी पुढे ढकलला आहे. कारण, लिपिड (रक्तातल्या चरबीचे आकडे) बिघडलेले आणि लिव्हरची एन्झाइम वाढलेली. बस, एवढंच. रिपोर्ट जोडलेला नव्हता. तो मागायला ग्राहक सेवेला लिहिलं, आठवण केली, परत आठवण केली, तेव्हा कुठे पीडीएफ आली. असं पत्र आलं तर फोनवर वेळ घालवू नका. प्रस्ताव क्रमांक घालून ई-मेलनं रिपोर्टची प्रत मागा. नकार, पुढे ढकलणं आणि जादा हप्ता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्रात नेमका कोणता शब्द आहे ते पाहा, पुढच्या प्रत्येक अर्जात तो लागतो.

रिपोर्ट असा होता: एकूण कोलेस्टेरॉल २२६, एचडीएल (चांगलं म्हणतात ते कोलेस्टेरॉल) ३२, ट्रायग्लिसराइड (रक्तात फिरणारी चरबी) ४३८. एसजीपीटी (लिव्हरचं एन्झाइम) ६८. एलडीएलच्या, म्हणजे वाईट म्हणतात त्या कोलेस्टेरॉलच्या, रकान्यात आकडाच नाही. हिशेबाच्या माणसाला रिकामा रकाना झोपू देत नाही, म्हणून शोधलं. एलडीएल बहुतेक ठिकाणी थेट मोजत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा, शिवाय ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा, असं १९७२ पासून चालत आलेलं फ्रीडवॉल्डचं सूत्र आहे. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की ते सूत्र चालत नाही. माझी बेरीज तिथेच अडकली होती.

बातमी नातेवाइकांत पोचल्यावर एकच निकाल लागला: तेल बंद. आईनं आमटीला फोडणी देणं सोडलं. बायकोनं मिसळीचा कट माझ्या वाटीतून काढून घेतला. आणि वजन ८२ किलो असलेली माझी ताई, जिचे ट्रायग्लिसराइड वार्षिक तपासणीत ११८ आले होते, मला फोनवर म्हणाली, "बारक्या, तू खातोस तरी काय लपूनछपून?"

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फिजिशियनकडे गेलो. फी ६००. बायको सोबत होती. त्यांनी पहिला प्रश्न जेवणाचा विचारला नाही. "रक्त देण्याआधी दोन-तीन दिवसांत दारू घेतली होती?" गुरुवारी चुलतभावाच्या लग्नाची पार्टी झाली होती. "मग आधी हे परत तपासू. ट्रायग्लिसराइड फार उड्या मारतं. काहीही न करता एकाच माणसाचा आकडा वीस टक्के इकडेतिकडे होतो." तीन दिवस दारू नाही, आदल्या रात्री आठला साधं जेवण, सकाळी आठला रक्त. १५ फेब्रुवारीच्या रिपोर्टात ट्रायग्लिसराइड ३६१ आले (लिपिड प्रोफाइल ६५० रुपये). उतरले, पण दीडशेच्या आत हवेत. दीडशे ते दोनशे सीमेवर, दोनशेपासून पुढे जास्त, पाचशेला फार जास्त. ते हजाराकडे निघाले की स्वादुपिंडाला सूज येण्याचं भय असतं, तिथे औषधाला थांबत नाहीत. यावेळी एलडीएल मोजता आलं, ११४.

"तेल पूर्ण बंद केलंय डॉक्टर," बायकोनं सांगितलं.

"वहिनी, यांनी बारा तास उपाशी राहून रक्त दिलंय. रात्रीच्या भाजीतलं तेल सकाळच्या नळीत सापडणार कसं?"

मग त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला चित्र काढलं. तो कागद अजून माझ्या फाइलला आहे. आपण खातो ते तेल-तूप म्हणजे जवळजवळ सगळं ट्रायग्लिसराइडच. लहान आतड्यात स्वादुपिंडाचा रस त्याचे तुकडे करतो, आतड्याच्या पेशी ते तुकडे आत घेऊन पुन्हा जोडतात. रक्तात तेल विरघळत नाही, म्हणून प्रथिनांचं आवरण चढवून त्याचे बारीक गोळे होतात, त्यांना कायलोमायक्रॉन म्हणतात. पचलेली साखर आतड्यातून थेट लिव्हरकडे जाते. हे गोळे मात्र तिला वळसा घालून लसिकावाहिन्यांतून छातीत वर चढतात आणि मानेच्या डाव्या मुळाशी रक्तात उतरतात. स्नायूंतल्या आणि चरबीतल्या केशवाहिन्यांच्या भिंतीवर एक एन्झाइम बसलेलं असतं, लायपोप्रोटीन लायपेज. ते गोळ्यातली चरबी सोडवून घेतं. जेवणानंतर इन्शुलिन वाढलं की चरबीच्या पेशींकडचं एन्झाइम जोरात चालतं. व्यायामानं स्नायूंकडचं जोर धरतं. तीन-चार तासांनी रक्तात या गोळ्यांची सगळ्यात जास्त गर्दी होते, आणि दहा-बारा तासांत सगळं निवळतं.

म्हणजे खाल्लेलं जास्तीचं तेल अंगावर चढतं हे खरंच आहे. चरबी होऊन बसायला तेलाइतकं सोपं दुसरं काही नाही. पण ते रक्तात मुक्काम करत नाही. सकाळी उपाशीपोटी जे ट्रायग्लिसराइड मोजतात ते बहुतांशी लिव्हरनं स्वतः बांधून बाहेर पाठवलेलं असतं, व्हीएलडीएल नावाच्या दुसऱ्या गोळ्यांतून.

"डेअरीतून टँकर बाहेर पडताना दिसतोय," डॉक्टर म्हणाले. "आता डेअरीत एवढं दूध येतंय कुठून ते शोधायचं."

ते येतं तीन वाटांनी. एक, शरीरातल्या साठ्यातून. उपाशी असताना चरबीच्या पेशी फॅटी ॲसिड सोडत असतात, ती लिव्हर उचलते. हा साठा धरून ठेवायचं काम इन्शुलिनचं. पेशी इन्शुलिनचं ऐकेनाशा झाल्या की साठा गळत राहतो. दुसरी वाट साखर, मैदा, भात, दारू यांची. गरजेपेक्षा जास्त आलेल्या साखरेची लिव्हर स्वतः चरबी बनवते. आणि तिसरी जेवणातल्या तेल-तुपाची. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये फॅटी लिव्हरच्या काही स्थूल रुग्णांना खुणेचे अणू घातलेलं अन्न देऊन लिव्हरमधली चरबी कुठून आली ते तपासलं होतं. ५९ टक्के अंगच्या साठ्यातून सुटलेल्या फॅटी ॲसिडमधून, २६ टक्के लिव्हरनं नव्यानं बनवलेली, १५ टक्के खाण्यातल्या चरबीतून. हे मी नंतर वाचलं. घरच्या सगळ्यांनी बोट दाखवलं होतं ते या १५ टक्क्यांकडे.

"पण साठा कुठाय माझ्या अंगावर? साठा माझ्या बहिणीकडे आहे आणि तिचा रिपोर्ट चांगला आहे."

यावर त्यांनी कॉम्प्युटरवर एक फोटो दाखवला. २००४ साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात आलेला. दोन संशोधक शेजारी उभे आहेत, पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. डेक्सा या क्ष-किरणांच्या यंत्रावर मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाट्याला हा फरक कळत नाही. याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांचीही मोजमापं केली आहेत. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं लहान, स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानानं राखलेली. म्हणजे काडीपैलवान जन्मापासूनच असतात.

ताईची चरबी मांड्या-नितंबांवर, कातडीखाली आहे. तिथली चरबी साठा धरून ठेवते, सहसा त्रास देत नाही. माझी थोडीच आहे, पण पोटात, आतड्यांभोवती आणि लिव्हरमध्ये. कातडीखालची जागा कमी पडली की चरबी नको तिथे जाते, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. भारतीय पुरुषांसाठी कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर, बायकांसाठी ८०. मोजायचं पँटच्या पट्ट्याजवळ नाही, तर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. आणि भारतीयांचा बीएमआय २३ ला गेला की तो जास्त धरतात, २५ ला नव्हे. मी २२.६ वर खूश होतो, पण गाडी स्टेशनात शिरलेलीच होती.

पुढच्या चाचण्या: पोटाची सोनोग्राफी १,२००, थायरॉइड, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लिव्हरच्या तपासण्या मिळून १,४००. थायरॉइड मंदावलं तरी लिपिड बिघडतात, म्हणून ते आधी बाजूला काढायचं असतं. माझं ठीक निघालं. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, दुसरी ग्रेड. एचबीएवनसी ५.९, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ५.७ ला उंबरठा सुरू होतो, ६.५ ला घरात. त्या रात्री झोप लागली नाही, हे लिहायला हवं. वडील मधुमेहानंच गेले. पॉलिसीचा विचार तेव्हा डोक्यात कुठेच नव्हता.

पाचशेच्या खाली आहे म्हणून औषध लगेच नको, तीन महिने बघू, असं ठरलं. (हा माझ्यापुरता निर्णय होता. तुमचा तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या. साखर, हृदयविकार किंवा जास्त एलडीएल सोबत असेल तर हिशेब बदलतो.) त्यांनी दिलेली यादी छोटी होती. दारू बंद. चहातली साखर, उसाचा रस, बाटलीतली पेयं बंद. रात्रीचा भात अर्धा, त्या जागी उसळ, अंडी, मासे. रोज तासभर अंगाला घाम, त्यातले आठवड्याला तीन दिवस ताकदीचा व्यायाम. तीन-चार किलो वजन कमी. "तीन किलोनं काय होणार?" असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, लिव्हरमधली चरबी सगळ्यात आधी उतरते.

तेलाला त्यांनी निर्दोष सोडलं नाही. तूप, खोबरेल, पाम तेल यांतल्या संपृक्त चरबीनं एलडीएल वाढतं, तो हृदयाच्या खात्यातला वेगळा खर्च. वनस्पती तुपातली ट्रान्स चरबी त्याहून वाईट. जानेवारी २०२२ पासून तेला-तुपांत ती २ टक्क्यांपेक्षा जास्त ठेवायला कायद्यानं बंदी आहे. आणि कोणत्याही तेलाच्या ग्रॅमला नऊ कॅलरी लागतातच. घरी येऊन हिशेब मांडला. चौघांना महिन्याला पाच लिटर, म्हणजे माणशी रोज अडतीस ग्रॅम, साडेतीनशे कॅलरींच्या आसपास. डबा साडेतीन लिटरवर आणला. आईची फोडणी परत सुरू झाली, ती मात्र मीच करायला लावली. बिनफोडणीची आमटी खाऊन माणूस दोन आठवड्यांत बिथरतो आणि रात्री फरसाणाचा डबा उघडतो.

सगळ्यात जड गेला तो चहा. ऑफिसात दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे. हिशेबवहीत हा आकडा मी कधी धरलाच नव्हता. दोनाचा दीड, दीडाचा एक, असं करत एप्रिलअखेर शून्यावर आलो. एकदम तोडणारे लोक असतात, मी त्यातला नाही.

व्यायामाला जिम लावली नाही. सकाळी विद्यापीठाच्या आवारात चालणं आणि घरी जोर-बैठका. आमच्या गल्लीतल्या तालमीचे म्हातारे वस्ताद मला बैठका काढताना बघून भलतेच खूश झाले. म्हणाले, "आम्ही रोज अर्धा शेर तूप रिचवलंय, वर बदामाची थंडाई. आम्हाला कुठं काय झालंय? ह्या डॉक्टरांचं काय बी ऐकू नगं." डॉक्टरांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, रोज हजार बैठका मारणाऱ्याच्या मांडीचा स्नायू रक्तातली चरबी ओढून घेतो आणि जाळतो. तूप तेच, गिऱ्हाईक वेगळं. कुस्ती सुटल्यावर खुराक न सुटलेल्या पैलवानांचे रिपोर्टही माझ्याकडे येतात, ते वस्तादांना विचारा. मी विचारलं नाही.

७ जूनच्या तपासणीत ट्रायग्लिसराइड २१४. वजन ६४.५, कंबर ८९. एसजीपीटी ४१. औषध नको, चालू ठेवा.

त्यानंतरचे दोन महिने कठीण होते, कारण आषाढी आणि मग श्रावण. एकादशी नि दुप्पट खाशी ही म्हण ज्यानं केली त्याचे लिपिड तपासले असावेत. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, वर बटाटा, वर शेंगदाण्याचं कूट, आणि हे सगळं 'उपासाला काही खाल्लं नाही' या नावाखाली. आई ऐकेना. शेवटी वरीचे तांदूळ थोडे, ताक आणि राजगिऱ्याची भाकरी यावर तडजोड झाली.

याच काळात ऑफिसच्या कामाला पुण्यात गेलो तेव्हा डेक्सा करून घेतलं. २,८०० रुपये. गरज नाही असं डॉक्टर म्हणाले होते, पण तो फोटो पाहिल्यापासून मला माझा आकडा बघायचाच होता. पलंगासारख्या टेबलावर काही मिनिटं पडून राहायचं, वर एक दांडा सरकत जातो, दुखत-खुपत काही नाही. शरीरातली चरबी २६.८ टक्के. ६४ किलोतले १७ किलो! एवढी कुठे मावली आहे हे आरशात अजूनही कळत नाही. खरं सांगायचं तर उपचारात या आकड्यानं काही फरक पडला नाही. दर महिन्याला तोच टेप लावला असता तरी पुरलं असतं. हौस असेल तरच करा.

सहा महिने ३१ जुलैला संपले, पण मी घाई केली नाही. पुढे ढकललेला प्रस्ताव दुसऱ्यांदाही अडकला तर वाट आणखी बिकट होते, म्हणून आधी स्वतःच्या खर्चानं तपासायचं आणि मग अर्ज करायचा, असं ठरवलं. ते गणपतीचे मोदक ओसरल्यावर, १३ सप्टेंबरला. ट्रायग्लिसराइड १५८, एचडीएल ३८, एकूण कोलेस्टेरॉल १८८, एसजीपीटी ३४, एचबीएवनसी ५.६. वजन ६३, कंबर ८७. एलडीएल मात्र ११४ वरून ११८. मी रिपोर्ट घेऊन धावलो. डॉक्टर म्हणाले, असं होतं. लिव्हरचे गोळे चरबी उतरवून लहान होत जातात तेव्हा त्यांतल्या काहींचं एलडीएल बनतं. वाट सुरळीत झाली की तो आकडा कधीकधी किंचित चढतो. त्यावर नजर ठेवायची, आता तुपाचा चमचा बघायचा.

मग अर्जाचं बघू लागलो तर जीएसटीची बातमी आलेली. वैयक्तिक आयुर्विम्यावरचा कर २२ सप्टेंबरपासून शून्य. आमच्या ऑफिसात सगळे बिलांच्या बदलात बुडालेले असताना मी माझा हप्ता काढत बसलो होतो. दोन दिवस थांबून २४ सप्टेंबरला अर्ज भरला, त्याच कंपनीकडे. वय आता ४२, मूळ हप्ता २३,९००.

अर्जात एक प्रश्न असतो: यापूर्वी कोणत्याही कंपनीनं तुमचा प्रस्ताव नाकारला, पुढे ढकलला किंवा जादा हप्त्यानं स्वीकारला आहे का? इथे 'होय' लिहायचं, दुसऱ्या कंपनीकडे जात असाल तरीही. 'नाही' लिहून टाक, कोण बघतंय, असं सांगणारे भेटतील. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर पॉलिसीवर कोणत्याही कारणानं प्रश्न उभा करता येत नाही, पण त्या तीन वर्षांत महत्त्वाची माहिती लपवल्याचं दिसलं तर दावा अडकतो. आणि तेव्हा भांडायला आपण नसतो, बायको असते. मी 'होय' लिहिलं, सोबत जुनं पत्र, फेब्रुवारी-जून-सप्टेंबरचे रिपोर्ट आणि डॉक्टरांचं चार ओळींचं पत्र जोडलं. ते पत्र पहिल्या भेटीतच मागून ठेवा: निदान, उपचार, औषध चालू आहे की नाही, सद्यस्थिती.

मेडिकल २९ सप्टेंबरला, यावेळी घरी न बोलावता केंद्रावर जाऊन केलं. सातला नंबर, साडेसातला मोकळा. काही दिवसांनी सोनोग्राफी हवी म्हणून ई-मेल आला. ती कंपनीच्या खर्चानं झाली. फॅटी लिव्हर, पहिली ग्रेड. १० ऑक्टोबरला निर्णय आला: स्वीकारतो, पण पंचवीस टक्के जादा. म्हणजे २९,८७५. जानेवारीच्या जीएसटीसकट भावापेक्षाही साडेतीन हजारांहून जास्त. जीएसटी असता तर पस्तीस हजारांच्या वर गेला असता. जादा हप्त्याला संमतीपत्र द्यावं लागतं आणि त्याला मुदत असते, ती पत्रात बारीक अक्षरात लिहिलेली असते. दुसऱ्या एका कंपनीचा भाव काढून पाहिला, पण तिथे सगळं पहिल्यापासून. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "अहो, घेऊन टाका आणि मोकळे व्हा." घेतली. माझ्या खिशातून तपासण्या आणि फी मिळून दहा-अकरा हजार गेले होते, त्यात डेक्साची हौस आलीच.

१५ ऑक्टोबरला पॉलिसी ई-मेलवर आली. त्यानंतर ३० दिवस ती परत करायची मुभा असते, आणि त्या दिवसांचा खरा उपयोग वाचण्यासाठी. पॉलिसीच्या मागे आपल्या अर्जाची प्रत जोडलेली असते. नॉमिनीचं नाव, जन्मतारीख, दारू-तंबाखूची उत्तरं आणि तो 'होय' नीट आलाय का हे बघा. माझा 'होय' बरोबर होता, पण उंची १७२ ऐवजी १२७ सेंटिमीटर पडली होती. त्या हिशेबानं बीएमआय ३९ येतो. ताईला स्क्रीनशॉट पाठवला, मग कंपनीला दुरुस्तीचा ई-मेल. दिवाळी मध्ये आल्यामुळे उशीर झाला, पण महिनाअखेर दुरुस्तीचं पान आलं. ते छापून पॉलिसीला टाचलं आहे. पुढची लिपिड तपासणी मार्चमध्ये.